ओल्या रंगातली देवी

पहाटे ४:३०

चैत्रात चंद्रपूरला रंगकाम करायचं तर उन्हाच्या आधी उठावं लागतं. दहा वाजता भिंती तापतात, दुपारी पारा ४३-४४ वर जातो आणि मग खोलीत उभं राहवत नाही. उठले की पहिलं काम कॅनव्हासला बोट टेकवून बघण्याचं. बोटाला रंग आला तर तो भाग अजून माझ्या हातात आहे. बोट नुसतं चिकटलं आणि रंग आला नाही, तर आज तिकडे जायचं नाही. अर्धवट धरलेल्या रंगावर ब्रश फिरवला की त्याची साय निघून येते.

तैलरंगात उडून जाणारं पाणी नसतं. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. अंबरसारखा मातीचा रंग इथल्या उन्हाळ्यात एका दिवसात धरतो, कारण त्यात मँगनीज असतं. आयव्हरी ब्लॅक मात्र दिवसेंदिवस ओला राहतो. म्हणून काळा मी शेवटी घेते. तो खाली राहिला आणि वरचा थर आधी वाळला, तर पुढे भेगा पडतात.

हे आधीच सांगितलं, कारण माझं सगळं काम या ओलेपणावर उभं आहे. मी रेखाटन करून चित्र सुरू करत नाही. काय उमटणार ते मला ठाऊक नसतं, आणि उमटलेलं बहुतेक पुसायचंच असतं. ॲक्रिलिक एप्रिलमध्ये पॅलेटवरच सुकतो. तेल मला दोन-तीन दिवस पुसायची मुभा देतं.

पहाटे ५:००

सध्या समोर आहे ती बाबूपेठची दुर्गा. चंद्रपूरच्या परकोटाबाहेर, लालपेठ-बाबूपेठच्या बाजूला, प्रचंड दगडी मूर्ती उघड्यावर पडलेल्या आहेत. गोंड राजांच्या काळात रायप्पा कोमटी नावाच्या व्यापाऱ्याने मोठं शिवमंदिर बांधायचं मनात घेतलं, मूर्ती घडवून घेतल्या आणि मंदिर व्हायच्या आत तो गेला, असं सांगतात. त्यातली सर्वांत मोठी मूर्ती दहा तोंडांच्या दुर्गेची. आपल्याकडची कित्येक माणसं तिला रावण म्हणतात. ती उताणी आहे. उभी करण्यासाठी घडवलेली देवी शतकानुशतकं जमिनीला पाठ लावून आभाळाकडे बघते आहे. लहानपणापासून ते दृश्य मनात आहे, पण रंगवायचं धाडस अलीकडे झालं.

पहिल्या दिवशी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट सिएना सगळ्या कॅनव्हासवर पसरला आणि जुन्या सुती धोतराच्या फडक्याने घासत राहिले. हात कुठे जड पडतो, कुठे हलका, याचा विचार करायचा नाही. उजवीकडे वर एक फिकट वळण उरलं. दोन दिवस त्याला हात लावला नाही, येता-जाता नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी ते कपाळ आहे हे कळलं. ते कळल्यावर बाकीचा चेहरा झरझर आला, आणि इतक्या सहज आला म्हणूनच मी सावध झाले.

तो चेहरा माझा नव्हताच. गोल गाल, किंचित कललेली मान, पाणीदार डोळे, म्हणजे आमच्या देवघरातल्या तसबिरीतली लक्ष्मी. राजा रविवर्म्याने तैलरंगात देवांना माणसाचे चेहरे दिले आणि १८९४ मध्ये गिरगावात छापखाना सुरू झाल्यावर ते घरोघरी गेले. माझी आजी त्याच चेहऱ्याला हात जोडत होती, मीही जोडते. त्याबद्दल मला आदरच आहे. पण आतून आलं म्हणून जे पहिल्यांदा हाताला लागतं, ते बहुतेक वेळा पाठ झालेलं असतं. लोक मला विचारतात की तुम्हाला चित्र सुचतं कसं. सुचतं ते असं: आधी तसबीर येते, ती पुसायची. मग देवळातल्या शेंदरी मूर्तीचे मोठे डोळे येतात, तेही पुसायचे. त्यानंतर कधी तरी असं काही उरतं, जे मी कुठे पाहिलेलं आठवत नाही, आणि ज्याच्यावर फडकं फिरवायला हात धजत नाही.

आज त्या उरलेल्या जागेवर काम केलं. यलो ऑकरमध्ये टिटॅनियम व्हाइट आणि चिमूटभर अल्ट्रामरीन, पॅलेट नाइफच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा रंग. कपाळाखाली डोळा हवा होता. नाइफ टेकवली, सरळ खाली ओढली आणि रंगाचा कडेला साचलेला बांध तसाच राहू दिला. डोळा झाला नाही. पापणी मिटल्यावर जी रेघ दिसते ती झाली. आभाळाकडे तोंड करून पडलेल्या देवीने चैत्राच्या उन्हात डोळे मिटले असतील, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हाताला आधी कळलं.

तिथेच थांबले. अजून पाऊण तास होता, पण अशा रेघेनंतर त्याच दिवशी पुढे रंगवायचं नाही हा माझा नियम आहे.

सकाळी ७ ते ११:३०

उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची असते. मी कलाशिक्षक आहे. आज सातवीला वर्तुळ दिलं होतं, कंपासशिवाय. मुलं कंटाळली की मी सय्यद हैदर रझांची गोष्ट सांगते. रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, म्हणजे आपल्यासारखेच जंगलातले. शाळेत मन लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे ते नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मुंबईला गेले, पॅरिसला गेले, आणि उतारवयात पुन्हा त्याच ठिपक्यापाशी आले. त्यांच्या चित्रांतला बिंदू जगभर ओळखला जातो. मुलांनी ठिपका काढला आणि बघत बसली. वर्ग काही वेळ अगदी चिडीचूप झाला. शिक्षिका म्हणून मला एवढं पुरे.

दुपारी १२:००

घरी जाताना महाकालीच्या देवळाकडून वळले. चैत्रात जत्रा असते. नांदेड, परभणीकडची माणसं आणि तेलंगणातलेही भाविक येतात. झरपट नदीच्या काठाने चुली पेटलेल्या, बायका भाकऱ्या थापतायत, कुठे पोतराजाचा आसूड वाजतोय. उन्हाची कुणाला पर्वा नाही.

एका बाईच्या अंगात आलं होतं. केस सुटलेले, घुमत होती, भोवती हलगी. मी मागे उभी राहून तिच्या हातांकडे पाहिलं. शरीर सगळं झोकून दिलेलं होतं, पण दोन्ही हात छातीपाशी एकच वर्तुळ काढत होते, न चुकता, पुन्हा पुन्हा. ओसरल्यावर कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने घोटभर पाणी प्यायलं, पदर सारखा केला आणि शेजारणीला विचारलं, "पोरगं जेवलं का?"

मला तिच्याबद्दल अपार आदर वाटला. भक्ती आणि घर यांच्यात तिला उंबरठा लागत नव्हता. चित्रकार मंडळी साक्षात्काराबद्दल जेव्हा जडजड बोलतात, तेव्हा मला या काठावरच्या बायकांकडे बोट दाखवावंसं वाटतं. त्या वर्तुळामागे तिच्या आईचं, आजीचं घुमणं असणार. मोकळं सुटण्याआधी शरीराने काही तरी शिकलेलं असतं.

दुपारी १:३० ते ४:००

जेवण, थोडी झोप. रंगाच्या खोलीत कूलर लावत नाही, कारण तो कोळशाच्या गावातली काळी धूळ ओल्या रंगावर आणून बसवतो.

या वेळात गच्चीवर तेल बघून येते. आपल्या भागात धानानंतर जवस पेरतात आणि घरोघर त्याची चटणी असते. घाण्यावरचं कच्चं तेल चित्रात थेट वापरता येत नाही, त्यात चिकट गाळ असतो. मी ते मिठाच्या पाण्याबरोबर बरणीत घुसळते, निवू देते, वरचं तेल काढून घेते आणि असं करत राहते, खालचं पाणी नितळ दिसेपर्यंत. मग काचेच्या उथळ ताटात ओतून वर फडकं बांधते आणि उन्हात ठेवते. जे ऊन माणसाला घराबाहेर पडू देत नाही, तेच तेलाला मधासारखं दाट आणि उजळ करतं. युरोपातल्या जुन्या चित्रकारांनाही हे उन्हातलं तेल ठाऊक होतं. इतकं ऊन मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनाच मिळालं असेल.

दुपारी ४:३०

सुतार स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट, घेऊन आला. "मॅडम, सागाची पट्टी भेटली, पण गाठ हाये एका कोपऱ्यात. चालन का?" गाठ बाहेरच्या बाजूला करून दिली तर चालेल, म्हटलं. साग आपल्याच जंगलातला. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग गेला, तेव्हा इथे मिरवणूक निघाली होती. माझ्या वाट्याला सॉ-मिलमधले तुकडे येतात, पण तोही सागच. पावसाळ्यात फारसा फुगत नाही, कॅनव्हास ताणलेला राहतो.

संध्याकाळी ५:३०

संध्याकाळी रंगवत नाही, बघते. कॅनव्हास उलटा करून, आरशात, दाराआडून. आज उलटा केल्यावर खालची डावी बाजू नुसती सजावट वाटली. तिथे मी बाकीच्या चेहऱ्यांसाठी दाटीने वळणं भरली होती. दहा तोंडं आहेत म्हणून दहा दाखवायचीच, हा हट्ट त्यात होता. तो भाग अजून ओला होता. फडकं घेतलं आणि सगळा पुसला. खाली सिएनाचा डाग उरला. एक मिटलेली पापणी आणि बाकी मातीचा रंग. आता ती खरंच जमिनीवर पडलेली वाटते.

अशा वेळी वासुदेव गायतोंडे आठवतात. जन्म नागपूरचा, १९२४ चा. रंग लावायचे रोलरने, नाइफने, काढूनही घ्यायचे, आणि महिनोन् महिने बघत बसायचे. वर्षाला मोजकीच चित्रं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या चित्रांत देव नाही, आकृतीही नाही, तरी माणूस त्यांच्यापुढे आवाज खाली आणतो. मला आकृती सोडवत नाही. मी गावातली बाई आहे, मला देवीचा चेहरा हवाच असतो. पण किती थोड्या चेहऱ्यात भागतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

दुसरी शिकवण गडचिरोलीची. एटापल्ली-भामरागडकडच्या माडियांच्या आणि गोंडांच्या गावात देवाला, म्हणजे पेनाला, चेहरा नसतो. बांबू, लोखंड, चवरी, झाडाखालचा दगड. सुरजागडच्या डोंगरावर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, डोंगरच देव असतो. मी तिकडे जाते, बसते, परत येते. पेन मी रंगवत नाही. तो त्या लोकांचा आहे, माझ्या भिंतीवर टांगायला नाही. पण तिथून आल्यावर काही दिवस ब्रश आपोआप कमी बोलतो.

रात्री ८:००

ब्रश आधी रॉकेलमध्ये, मग साबणाने तळहातावर, फेस पांढरा येईपर्यंत. तेलाची फडकी बादलीतल्या पाण्यात. हे नव्याने तैलरंग घेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल प्राणवायू घेताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या उकाड्यात तर नक्कीच जपा.

चित्र अजून झालेलं नाही. पापणीखालची सावली आयव्हरी ब्लॅकची हवी की नको, ते उद्या पहाटे बोट टेकवल्यावर ठरेल.

एक विनंती आहे. चंद्रपूरला येणारे बहुतेक जण ताडोब्याचा वाघ बघून परत जातात. पुढच्या वेळी एक सकाळ बाबूपेठच्या मूर्तींसाठी ठेवा. मुलांना सोबत आणा. ऊन चढायच्या आत या, दुर्गेच्या पायाकडून तोंडांकडे सावकाश चालत जा, आणि शेंदूर, कुंकू, तेल, खडू, काहीही त्या दगडाला लावू नका.