तर्जनी १४ टक्के, अंगठा ३०: कामावर बोट गेलं तर भरपाई कशी ठरते?

माझ्या पीएचडीचा विषय आहे कारखान्यातले अपघात आणि त्यानंतरची नुकसानभरपाई. विषय सांगितला की समोरून हमखास एक प्रश्न येतो: "पण हात मशीनमध्ये घातला म्हणजे चूक कामगाराचीच ना?" आज याच प्रश्नाकडे बघू. कारण कितीतरी कामगार हे खरं मानतात आणि हक्काची भरपाई मागायलाच जात नाहीत.

आधी मशीन समजून घेऊ. भोसरी-चाकणकडच्या प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेस असतो. वरून डाय खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. कामगार पत्रा ठेवतो, पायाने पॅडल दाबतो, तयार पार्ट काढतो. दिवसातून शेकडो वेळा. पॅडल पायाशी असल्यामुळे दोन्ही हात मोकळे, म्हणजे डायखाली जायलाही मोकळे! उपाय नवे नाहीत: दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय न चालणारा प्रेस, डायभोवती गार्ड, हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर. माणसाचं लक्ष कधीतरी हलणारच, हे धरूनच मशीन बसवायचं असतं. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाने वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर अहवाल काढते. त्यात पॉवर प्रेसवर गेलेली बोटं पुन्हा पुन्हा दिसतात.

आता कायदा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढं पुरे. कामगाराचा साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होत नाही. अपवाद मोजके आहेत: नशेत असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं, गार्ड जाणूनबुजून काढणं. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर हे अपवादही मालकाच्या कामी येत नाहीत. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाकडे भरपाई मागता येते.

रक्कम कशी निघते? कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक इजेपुढे कमाईची क्षमता किती टक्के गेली ते लिहिलंय. पूर्ण तर्जनी १४, पूर्ण मधलं बोट १२, अंगठा ३०, एका हाताची चारही बोटं ५०, एक डोळा ४०. एक उदाहरण करू. वय ३०, पगार १५,००० रुपये, तर्जनी गेली. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला तिशीच्या वयाचा गुणक २०७.९८ ने गुणा: १८,७१,८२०. त्याचे १४ टक्के, म्हणजे साधारण २,६२,००० रुपये. पगार २५,००० असता तरी उत्तर हेच आलं असतं, कारण २०२० पासून हिशेबात १५,००० च्या वरचा पगार धरत नाहीत.

पण १४ टक्के नक्की कुणाचे? तेच बोट सुताराचं गेलं आणि वॉचमनचं गेलं, तर नुकसान सारखं असतं का? १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबाता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच मुद्दा आला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालक म्हणाला, हे अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. तक्ता शरीर मोजतो. या निकालाने माणसाचं काम मोजलं. म्हणून अर्जात फक्त "बोट गेलं" लिहून थांबू नका. आधी नेमकं कोणतं काम करत होता आणि आता काय जमत नाही, तेही लिहा.

दहा किंवा जास्त माणसांचा कारखाना आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर रस्ता वेगळा: ईएसआय. तिथे उपचार मिळतात, कामावर जाता येत नाही तोवर रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि कायमच्या इजेसाठी टक्केवारीप्रमाणे आयुष्यभर पेन्शन. वरच्या उदाहरणात ती महिना साधारण १,८९० रुपये येईल. ईएसआय लागू असेल तर मालकाकडून दुसरी भरपाई मागता येत नाही. कामाचा पहिलाच दिवस असला तरी अपघाताचा हा लाभ लागू होतो. म्हणून ईएसआय कार्ड कामाला लागतानाच मागून घ्या. अनेकांच्या हातात ते अपघात झाल्यावर पडतं.

एक बदल लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. भरपाईचा मूळ ढाचा तोच आहे, आणि कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताचाही आता त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

अपघात झालाच तर:

१. दवाखान्याच्या केसपेपरवर "कामावर, मशीनवर इजा" असंच लिहून घ्या. "घरी पडला" असं लिहिलं गेलं, तर पुढे सगळं अवघड होतं.

२. मालकाला लेखी कळवा. व्हॉट्सअॅप मेसेजही जपून ठेवा. मशीनचा आणि जागेचा फोटो काढा, सोबत्यांची नावं लिहून ठेवा.

३. थोडे पैसे देऊन "आता काही मागणार नाही" असं लिहून घेतलं, तरी त्या कागदाने कायद्यातला हक्क जात नाही.

४. दावा दोन वर्षांच्या आत करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे: चूक कुणाची, हा भरपाईसाठीचा पहिला प्रश्नच नाही. इजा काम करताना झाली का, हा आहे. पुढच्या लेखात दिसायला वर्षं लागणाऱ्या इजेबद्दल लिहीन: दगडखाणीतल्या धुळीने होणारा सिलिकोसिस.