औषध नसलेली सुई

मराठवाड्यात ‘सुई घेतली’ म्हणजे इंजेक्शन घेतले. त्यामुळे औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या गावात कंबरदुखीच्या रुग्णाला कुणी अ‍ॅक्युपंक्चर सुचवले, तर ‘सुईत औषध कोणते?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असणार. औषध नसतेच. ही सुई पोकळ नसून भरीव असते आणि तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर भरते. दंडात इंजेक्शन द्यायला नेहमी जी सुई वापरतात, तिच्या पोकळीतून ही आरपार जाऊ शकेल. शाळेत स्क्रू गेज असेल तर विद्यार्थ्यांना शिवणाची सुई आणि डोक्यावरचा केस मोजायला सांगा, म्हणजे पाव मिलिमीटर ध्यानात येईल. (टोचून पाहण्याचा प्रयोग मात्र वर्गात नको!)

ही पद्धत मूळची चीनची. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक असतात. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन हे तंत्र शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केले. आज महाराष्ट्रात या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी करणारी परिषदही आहे. तेव्हा भिंतीवरचे नोंदणीपत्र पाहायला संकोच करू नये.

पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यातच जातो. दुखणे कधीपासून, झोप कशी, पचन कसे, हे विचारतात. जीभ पाहतात, दोन्ही मनगटांची नाडी पाहतात. मग पडून राहायला सांगून पाच-दहा ठिकाणी, कधी त्याहून जास्त, सुया टोचतात. दुखते कंबर आणि सुई पायात, असेही होते. टोचताना डास चावल्यासारखे वाटते. नंतर तिथे जडपणा किंवा मुंग्या जाणवतात. वीस-तीस मिनिटांनी सुया काढतात. एखादा थेंब रक्त येणे किंवा त्वचा काळीनिळी होणे यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र उपाशीपोटी गेल्यास चक्कर येऊ शकते.

सुयांनी नेमके काय होते? परंपरा सांगते, की शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि त्या मार्गांवर ३६१ बिंदू आहेत. शवविच्छेदनात असे मार्ग कुणालाही सापडलेले नाहीत. दुसरीकडे, टोचण्याने मज्जातंतू उद्दीपित होतात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एन्डॉर्फिन, सोडते, असे सुचवणारे प्रयोग १९७०च्या दशकापासून झाले आहेत.

पण खरी परीक्षा रुग्णांवर. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. पहिल्याला बिंदूंवर खऱ्या सुया, दुसऱ्याला भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधे, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पुरेसा आराम पडलेले रुग्ण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के निघाले. हे तीन आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना निष्कर्ष काढू द्यावेत. दुसरा गट नसता तर आपण काय म्हटले असते? ‘बिंदूंचा विजय!’ तो गट असल्यामुळे दिसते, की सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. तरीही दोन्ही सुईवाल्या गटांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम वाटला. स्पर्श, विश्रांती, कुणी आस्थेने ऐकून घेणे आणि बरे वाटेल ही अपेक्षा यांचा त्यात मोठा वाटा असावा, असे आम्हाला वाटते. शिवाय तिसऱ्या गटाला आपल्याला सुया मिळालेल्या नाहीत हे ठाऊक होते, हेही विसरू नये.

म्हणून जुनाट दुखण्यासाठी कुणी हा उपचार करून पाहत असेल, तर आम्ही त्याला अडवणार नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा क्षयाच्या गोळ्या मात्र सुईच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. कुणी तसे सांगितले तर उठून यावे. सुयांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ ‘ब’ आणि एचआयव्हीचा धोका असतो. छातीवर खोल टोचलेली सुई क्वचित फुप्फुसाला इजा करते, म्हणून नंतर धाप लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील किंवा हृदयात पेसमेकर असेल तर ते आधीच सांगावे. काही ठिकाणी सुयांना सौम्य वीजप्रवाहही जोडतात.

किती खेपा लागतील हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. शेतमजुराची एक खेप म्हणजे फी, गाडीभाडे आणि बुडालेला रोज. सहा-आठ खेपांनंतरही वाकताना तेवढेच दुखत असेल, तर नववी खेप करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात कंबर दाखवून यावी.