पावसाचा अंदाज वेळेत येतो कसा? कोणतं काम कोणत्या कॉम्प्युटरला, यावर सारं गणित

‘येत्या दोन दिवसांत मध्यम पावसाची शक्यता’ असा मेसेज मोबाईलवर येतो. तो बघून कोणी फवारणी पुढं ढकलतो, तर कोणी उघड्यावरचा कांदा झाकतो. या एका ओळीमागं मोठं गणित असतं. ते एकटा कॉम्प्युटर करत नाही, हजारो मिळून करतात. त्यांच्यात काम कसं वाटायचं, हाच खरा पेच आहे. वाटप चुकलं तर अंदाज उशिरा येणार, आणि पाऊस पडून गेल्यावर आलेल्या अंदाजाचा शेतकऱ्याला काय उपयोग?

पुण्यातला ‘अर्का’

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या ‘अर्का’ या महासंगणकाचं उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. त्याचा वेग ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्य इतकी गणितं. नाव एक असलं तरी महासंगणक म्हणजे एकच यंत्र नव्हे. आत कपाटांच्या रांगा असतात आणि त्यांत एकमेकांना जोडलेली पुष्कळ यंत्रं असतात. काम अंगावर घेणाऱ्या अशा प्रत्येक यंत्राला ‘होस्ट’ म्हणतात. कामाचा जो वाटा त्याच्याकडे जातो, ती ‘प्रोसेस’.

सावडीसारखंच काम

हवामानाच्या गणितात नकाशाचे तुकडे पाडतात आणि एकेक तुकडा एकेका प्रोसेसकडे देतात. पण वारा बांध ओळखत नाही. या तुकड्यातली हवा शेजारच्या तुकड्यात जाते. म्हणून थोडं गणित झालं की प्रत्येक प्रोसेसला आपले आकडे शेजाऱ्याला कळवावे लागतात. शेजारी तुकडे जवळच्या होस्टवर असले तर निरोप लवकर पोचतो. लांब असले तर निरोपातच वेळ जातो.

दुसरी अडचण अशी की, सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. दहापैकी नऊ मोकळे झाले तरी मागं राहिलेल्या एकासाठी थांबावंच लागतं. ढग-पावसाच्या तुकड्यात गणित जास्त असतं, कोरड्या आभाळाच्या तुकड्यात कमी. त्यामुळं सगळ्यांना सारखे तुकडे देऊन भागत नाही.

एक सोपा हिशोब

समजा १२ कामं आहेत आणि तीन कॉम्प्युटर आहेत. दोन साधे, ते एका कामाला एक तास घेतात. तिसरा दुप्पट वेगाचा, त्याला अर्धा तास लागतो. प्रत्येकी चार कामं दिली तर वेगवान दोन तासांत मोकळा होतो आणि बसून राहतो. साध्यांना चार तास लागतात, म्हणजे एकूण चार तास गेले. आता वेगवानाला सहा आणि साध्यांना तीन-तीन द्या. सगळे तीन तासांत एकदम उरकतात. नवीन यंत्र न घेता एक तास वाचला.

आधी लुटुपुटूचं, मग खरं

तीन यंत्रांचा हिशोब कागदावर जमतो, हजारोंचा जमत नाही. महासंगणकाचा वेळही महाग. म्हणून संशोधक आधी नक्कल करून बघतात. त्यासाठी ‘सिमग्रिड’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात यंत्रं किती, त्यांचा वेग काय, जोडणी कशी, हे एका ठिकाणी लिहायचं. कोणती प्रोसेस कोणत्या होस्टवर, हे दुसऱ्या ठिकाणी. मग खऱ्या यंत्रांवर काम किती वेळात झालं असतं, ते साध्या लॅपटॉपवर समजतं. नाही पटलं तर वाटपाच्या ओळी बदलायच्या आणि पुन्हा चालवायचं.

शंभर वर्षांची जुनी चिंता

इंग्लंडचे लुईस रिचर्डसन यांनी १९२२ साली आपल्या पुस्तकात ६४ हजार माणसांच्या एका सभागृहाची कल्पना मांडली होती. प्रत्येकानं नकाशातल्या आपापल्या भागाचं गणित करायचं. मधोमध उभा असलेला प्रमुख पुढं पळणाऱ्यांवर गुलाबी आणि मागं पडणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकणार. त्यांनी स्वतः हातानं केलेल्या सहा तासांच्या अंदाजाला सुमारे सहा आठवडे लागले होते, आणि तो चुकलाही.

शेतकऱ्याला काय?

पुण्याच्या याच संस्थेनं तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. आधी अंदाजाचा चौकोन १२ किलोमीटरचा होता, आता ६ किलोमीटरचा आहे. म्हणजे तेवढ्याच जागेत चौपट चौकोन, आणि गणितही वाढलं. अर्थात गणित वेगानं झालं म्हणून अंदाज बरोबरच येईल असं नाही. त्यासाठी पाऊस आणि वाऱ्याच्या नोंदीही नीट लागतात.

ताज्या नोंदी आल्या की हे गणित पुन्हा नव्यानं होतं आणि जुना अंदाज मागं पडतो. म्हणून ग्रुपवर आलेला मेसेज पुढं पाठवण्याआधी त्यावरची तारीख आणि वेळ बघावी. तारीखच नसेल, तर त्याच्या भरवशावर फवारणीचा पंप भरू नये.