आधी काय, मग काय?

बालमित्रांनो, शाळा, क्लास, गृहपाठ, खेळ, टीव्ही, मित्रांचे वाढदिवस... यादी केवढी लांब आणि दिवसाचे तास मात्र चोवीसच! मग सुरू होते ती आपली नेहमीची तक्रार, ‘वेळच मिळत नाही!’ पण वेळ तर सगळ्यांना सारखाच मिळतो. पहिली जागा कशाला द्यायची, हा खरा प्रश्न. एका धावपटूने तो कसा सोडवला, ते पाहू या.

त्याचं नाव एरिक लिडल. आईवडील स्कॉटलंडचे मिशनरी. एरिकचा जन्म १९०२ साली चीनमधल्या तिएनत्सिन शहरात झाला. पुढे तो एडिंबरो विद्यापीठात विज्ञान शिकू लागला. गडी मोठा चपळ! स्कॉटलंडतर्फे रग्बीचे सात सामने खेळला. पण ऑलिंपिकची तयारी करायची, तर दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणार नव्हतं. त्याने रग्बी सोडलं आणि धावण्यावर लक्ष दिलं. १९२३ मध्ये त्याने १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत मारली. पुढच्या वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर हा त्याचा हुकमी एक्का ठरणार, असं सगळे म्हणू लागले.

आणि वेळापत्रक आलं. १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी!

एरिकच्या घरी रविवार हा देवाचा दिवस. त्या दिवशी उपासना करायची, स्पर्धेत उतरायचं नाही. लोकांनी समजावलं, नावं ठेवली. एरिक शांतपणे ‘नाही’ म्हणाला. रिले शर्यतीही रविवारच्या, त्यावरही त्याने पाणी सोडलं.

पण तो रुसून घरी बसला का? मुळीच नाही! वेळापत्रक काही महिने आधी कळलं होतं. तेवढ्या अवधीत त्याने ४०० मीटरसाठी कसून सराव केला. ६ जुलै १९२४ च्या रविवारी पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये त्याने उपदेश केला. त्यानंतर २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. आणि ११ जुलैला ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत, सगळ्यात बाहेरच्या लेनमधून, मान मागे टाकून तो असा सुसाट सुटला की ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊनच थांबला!

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. देवाला पहिलं स्थान दिलं म्हणून एरिकने अभ्यासाला किंवा सरावाला सुट्टी दिली नाही. त्याच महिन्यात तो पदवीधरही झाला. पहिली गोष्ट पक्की ठरली, की बाकीच्या गोष्टी आपापल्या जागी बसायला लागतात. आणि पदक मिळालं नसतं, तरी त्याचा निर्णय चुकीचा ठरला नसता. कारण तो निर्णय पदकासाठी नव्हताच.

१९२५ मध्ये, कीर्ती ऐन भरात असताना, तो चीनला परतला आणि शिक्षक झाला. पुढे युद्ध आलं. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेइशियन इथल्या नजरकैदेच्या छावणीत ठेवलं. तिथं आईवडिलांपासून दुरावलेली कितीतरी मुलं होती. एरिक त्यांना विज्ञान शिकवायचा, खेळ घ्यायचा. पहाटे उठून बायबल वाचन आणि प्रार्थना मात्र चुकली नाही. रविवारी खेळ नाही, हा नियमही सुरुवातीला तसाच होता.

एका रविवारी मुलांनी आपणच हॉकीचा सामना मांडला. पंच कोणी नाही. शेवटी व्हायचं तेच झालं, चांगलीच मारामारी! पुढच्या खेपेला रविवारी मैदानावर शिट्टी घेऊन कोण उभं? एरिक लिडल! स्वतःच्या सुवर्णसंधीसाठी जो नियम त्याने मोडला नाही, तो मुलांसाठी बाजूला ठेवला.

मग तो बदलला का? नाही. येशूनेही शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्यांना बरं केलं होतं. देवावर प्रीती आणि माणसांवर प्रीती ही एरिकची पहिली जागा. ती दोन्ही वेळा जागच्या जागीच होती.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतल्या गाठीमुळे, एरिक त्या छावणीतच वारला. वय अवघं ४३.

मुलांनो, तुमच्यापुढेही असे प्रसंग येतात. रविवारी सकाळी चर्च की क्लासची परीक्षा? मॅच की आजारी आजीजवळ बसणं? ऐनवेळी ठरवायला गेलात, तर मन हवं तिकडे ओढ घेईल. म्हणून आधीच ठरवा. क्लासच्या सरांना आठवडाभर आधी भेटून परीक्षा दुसऱ्या दिवशी देता येईल का, ते विचारा. एरिकनेही दुसरी वाट शोधलीच ना!

आणि पालकहो, आज रात्री जेवताना मुलांना एकच प्रश्न विचारा, ‘आपल्या घरात पहिली जागा कशाला आहे असं तुला वाटतं?’ उत्तर शांतपणे ऐकून घ्या. मुलं आपल्या उपदेशापेक्षा आपलं वेळापत्रक जास्त बारकाईने वाचत असतात!