हार्ड डिस्क बंद पडली, आता काय?

फ्रीज बिघडला तर दूध नासते, भाजी वाया जाते. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून ती पुन्हा आणता येते. घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क बिघडली की नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. आपाच्या निकाहाचे फोटो, अब्बांच्या हजच्या प्रवासातल्या चित्रफिती, दादीने नातवंडांना सांगितलेल्या गोष्टींचे रेकॉर्डिंग, मुलीच्या कॉलेजच्या प्रकल्पाचा अर्धा झालेला अहवाल, अम्मीच्या शिवणकामाच्या उधारीचा हिशेब, हे सारे त्या हाताएवढ्या डबीत असते. डबी बाजारात नवी मिळते. आतला मजकूर कोणत्याही दुकानात मिळत नाही.

म्हणून संगणक बंद पडल्यावर ‘हा पुन्हा सुरू कसा होईल?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा : ‘यात असे काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही?’ पुढची प्रत्येक पायरी या उत्तरावर ठरते.

आधी संगणक बंद करा

पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, किंवा विंडोजचे चिन्ह तासभर फिरत राहते. अशा वेळी घरातला प्रत्येक जण एकेकदा बटण दाबून पाहतो. मोठा मुलगा दहा वेळा चालू-बंद करतो, शेजारचा मुलगा येऊन आणखी दहा वेळा करतो. आजारी डिस्कला याचाच सर्वाधिक त्रास होतो.

याचे कारण डिस्कच्या रचनेत आहे. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. डेस्कटॉप संगणकात त्या बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात. मजकूर वाचणारे ‘हेड’ या तबकडीला टेकत नाही. ते काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ते अंतर किती थोडे असेल याची कल्पना यावी. हेड निकामी होऊन तबकडीला घासू लागले, तर प्रत्येक फेरीबरोबर वरचा थर खरवडला जातो. त्या थरातच आपले फोटो असतात. जो मजकूर सकाळी वाचवता आला असता, तो संध्याकाळपर्यंतच्या खटाटोपात कायमचा जाऊ शकतो.

दोष खरोखर डिस्कचा आहे का?

संगणक सुरू न होण्याचे कारण नेहमी डिस्कच असते असे नाही. संशयास्पद आवाज येत नसेल, तर काही साध्या गोष्टी घरीच पाहता येतात.

पहिली गोष्ट, संगणकाला एखादा पेनड्राइव्ह किंवा कार्ड लावलेले राहिले आहे का? संगणक त्यातूनच सुरू होण्याचा प्रयत्न करत असेल तर तो अडकतो. ते काढून एकदा पाहा.

दुसरी गोष्ट वायरची. भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा, कॅबिनेटची बाजूची पत्रा-झाकणी उघडा आणि आतल्या धातूच्या चौकटीला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. डिस्कला दोन जोडण्या असतात : अरुंद ती साटा केबल, मजकूर वाहून नेणारी, रुंद ती विजेची. दोन्ही काढून नीट घट्ट बसवा. साटा केबलचे दुसरे टोक मदरबोर्डवर असते, तेही पाहा. संगणक इकडून तिकडे हलवल्यावर किंवा साफसफाईनंतर ही केबल सैल होते. जमल्यास दुसरी केबल लावून पाहा. ती स्वस्त असते.

तिसरी गोष्ट, संगणक जुना असेल आणि प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सेल संपला असावा. त्यामुळे संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे हेच विसरतो. घड्याळाच्या दुकानातही मिळणारा सीआर २०३२ सेल बदलून, बायोसमध्ये जाऊन डिस्कची निवड पुन्हा करावी लागते.

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी येणारा मूळ पडदा. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहिल्यास बहुतेक यंत्रांत तो उघडतो. तिथे डिस्कचे नाव दिसते की नाही, हे टिपून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला ही एक माहिती दिली तरी त्याचे अर्धे काम होते.

डिस्कचा आवाज काय सांगतो?

ठराविक अंतराने ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज येत असेल, तर हेडला आपली जागा सापडत नाही. ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत आहे. बारीक ‘बीप’सारखा आवाज येऊन तबकडी फिरतच नसेल, तर ती किंवा तिची मोटर अडकली आहे. घासल्यासारखा आवाज सर्वांत वाईट. या तिन्ही वेळी घरगुती उपाय थांबवावेत आणि मजकूर मोलाचा असेल तर डिस्क थेट डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे न्यावी.

अशा डिस्कसाठी काही ‘नुस्खे’ तोंडोतोंडी फिरत असतात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला त्यांतलाच. थंड डिस्क बाहेर काढली की हवेतल्या दमटपणाचे पाणी तिच्यावर जमते. कोकण आणि मुंबईच्या हवेत तर हमखास. डिस्क स्क्रू काढून उघडणेही तितकेच घातक, कारण जिथे हेड काही नॅनोमीटरवरून जाते, तिथे धुळीचा कण डोंगरासारखा असतो. तसल्याच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावणे जुन्या काळी चालत असे. आताच्या बोर्डवरील एका चिपमध्ये त्या त्या डिस्कची खास माहिती साठवलेली असते, त्यामुळे नुसती अदलाबदल बहुधा उपयोगी पडत नाही.

डिस्क दिसते, पण विंडोज उघडत नाही

हा प्रकार आशेचा आहे. डिस्क शांत फिरते, बायोसमध्ये दिसते, फक्त विंडोज सुरू होत नाही किंवा अतिशय संथ झाले आहे. येथे नियम एकच : आधी मजकूर बाहेर काढा, दुरुस्ती नंतर.

डिस्क काढून चांगल्या संगणकाला दुसरी डिस्क म्हणून जोडता येते. साटाचे यूएसबीत रूपांतर करणारा अॅडाप्टरही मिळतो. डेस्कटॉपच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टची वेगळी वीज लागते, म्हणून अॅडाप्टर घेताना त्यासोबत भिंतीत लावायचा प्लग आहे ना, हे पाहून घ्यावे. लॅपटॉपच्या लहान डिस्कसाठीचा अॅडाप्टर येथे चालत नाही.

जोडल्यावर ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा प्रश्न पडद्यावर येऊ शकतो. त्याला ‘नाही’ म्हणा. विंडोजने ‘डिस्क तपासून दुरुस्त करू का?’ असे विचारले तरी थांबा, कारण ती दुरुस्ती करताना खिळखिळ्या डिस्कवरच नवे लिखाण होते. जोडलेल्या डिस्कवरील ‘यूजर्स’ फोल्डर उघडा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सारे त्याच्या आत असते. जे दुसरीकडे नाही ते सर्वांत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. सिनेमे आणि सॉफ्टवेअर राहिले तरी चालेल.

फाइल कॉपी होता होता अडकू लागली, तर एकेका फाइलच्या मागे लागू नये. जाणकाराकडून पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्यावी. यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे मोफत साधन लिनक्सवर चालते. ते डिस्कचे धडधाकट भाग आधी उतरवून घेते आणि खराब भागांकडे शेवटी वळते. मग शोधाशोध त्या प्रतीवर करावी. हरवलेल्या फाइल शोधणारे सॉफ्टवेअर मूळ डिस्कवर कधीही बसवू नये. ते नेमके आपल्या फोटोंच्या जागेवर जाऊन बसू शकते.

काही नव्या संगणकांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते. तसे असल्यास दुसऱ्या संगणकावर ती ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली सापडते.

दुकानात देण्यापूर्वी

आपल्या घरांत या बाबीचा विचार जास्त व्हायला हवा. डिस्क दुकानात गेली की घरातल्या बायका-मुलींचे फोटो, बँकेचे कागद, आधारच्या प्रती, औषधोपचाराचे अहवाल हे सर्व अनोळखी हातांत जाते. दुसऱ्याची डिस्क हाताळणाऱ्याकडे ती अमानत असते, आणि अमानत सोपवताना माणूस पारखून घेणे ही आपली जबाबदारी आहे.

म्हणून संकोच न करता विचारावे : तपासणीचे किती घेणार? मजकूर मिळाला नाही तर पैसे द्यावे लागतील का? काम इथेच होणार की दुसरीकडे पाठवणार? मिळालेला मजकूर किती दिवसांनी तुमच्या संगणकावरून पुसणार? उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. कोणते फोल्डर हवे आहेत त्याची यादी द्यावी, म्हणजे बाकीचे उघडण्याचे कारण उरत नाही. बिघडलेली जुनी डिस्क परत हवी, हेही आधीच सांगावे. प्रयोगशाळेचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. अशा वेळी घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. जे कागद पुन्हा मिळतात त्यांच्यासाठी हा खर्च करू नये. सातबारा शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा घेता येतो, अनेक प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये असतात. दादीचा आवाज मात्र पुन्हा मिळत नाही.

नवी डिस्क घेताना

जुन्या संगणकात फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर तो सुरू व्हायला लागणारा वेळ बराच कमी होतो. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोज उतरवून ते नव्याने टाकता येते. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे केवळ डिस्क बदलल्याने तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आहे. यंत्र विंडोज ११ पेलत नसेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूसारखी मोफत प्रणाली पाहावी. मुलांच्या अभ्यासाला आणि पत्रव्यवहाराला ती पुरते.

एसएसडी घेतली म्हणून निश्चिंत मात्र होऊ नये. तिच्यात फिरणारे काही नसल्यामुळे ती टकटक करून सावधही करत नाही. एका क्षणी असते, दुसऱ्या क्षणी नसते. फिरती डिस्कही नेहमी इशारा देतेच असे नाही. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्वतःच्या ‘स्मार्ट’ या आरोग्य-नोंदीतील चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. ज्यांनी वाचनातली पहिली चूक दाखवली, त्या पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता मात्र कितीतरी पटींनी वाढलेली होती. अर्थ असा की, इशारा दिसला तर त्याच दिवशी मजकूर हलवावा; दिसला नाही तर बेफिकीर राहू नये.

तीन ठिकाणी ठेवा

जाणकारांचा नियम सोपा आहे : मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. एक प्रत संगणकात. दुसरी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, जी कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. सतत लावलेली राहिली तर विजेचा एकच झटका किंवा एकच व्हायरस दोन्ही प्रती घेऊन जातो. तिसरी प्रत सासरी गेलेल्या बहिणीकडे, आखातात असलेल्या भावाकडे, किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत असते.

घराबाहेरची प्रत कशाला, असे वाटणाऱ्यांनी २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ ची सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ चे चिपळूण आठवावे. पाणी घरात शिरले तेव्हा संगणक आणि कपाट दोन्ही एकाच वेळी बुडाले.

आपोआप जुळणी करणारे खाते म्हणजे सुरक्षित प्रत, असेही समजू नये. संगणकात फोटो पुसला की तिथूनही तो जातो. महिन्यातला एक ठरलेला दिवस कॉपीसाठी ठेवावा आणि हे काम घरातल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे नेमून द्यावे. वर्षातून एकदा कपाटातली डिस्क जोडून दोन-चार फोटो खरोखर उघडतात ना, ते पाहावे. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

राहिली ती जुनी डिस्क. साध्या फॉरमॅटने मजकूर पुसला जात नाही, आणि बंद पडलेल्या डिस्कमधूनही तो काढता येतो. म्हणून भंगारवाल्याला ती तशीच देऊ नये. डिस्क चालत असेल तर पूर्ण पुसून द्यावी. चालत नसेल तर ड्रिलने तबकड्यांना आरपार भोके पाडावीत आणि मग ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. हे करण्याआधी वाचवलेल्या फाइल उघडून पाहिल्या ना, याची खात्री करून घ्या.