तंबू, सायकल आणि स्वतःची चूल : इल द रे बेटावरील कौटुंबिक सुट्टीचे नियोजन

व्यापारी कुटुंबात सुट्टी ही बहुधा उरलेल्या वेळात घेतली जाते. लग्नसराई सरली, वर्षअखेरचे हिशेब झाले, पुढचा माल भरला, की मग चार दिवसांचा विचार सुरू होतो. परदेशी जायचे तर आहाराचा प्रश्न प्रथम उभा राहतो आणि जैन भोजनाची हमी देणारी, स्वयंपाकी बरोबर नेणारी सहल हे त्याचे तयार उत्तर असते. ज्येष्ठांना ती सोयीची आहे यात शंका नाही. मात्र अशा सहलीत दिवस बसच्या खिडकीत संपतो. घरातील माणसे शेजारी बसतात, पण एकत्र असे काही करीत नाहीत. वर्षभर वडिलांना गल्ल्यावर किंवा फोनवरच पाहणाऱ्या मुलांना सुट्टीतही तेच वडील दिसतात. आपले नियम पाळून, स्वतः रांधून, स्वतः हिंडून सुट्टी घालवता येईल का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ‘इल द रे’ या बेटाचा अवश्य विचार करावा.

बेटाची ओळख

‘इल’ म्हणजे बेट. ला रोशेल या बंदराच्या शहरासमोर अटलांटिक महासागरात पसरलेले हे बेट सुमारे ३० किलोमीटर लांब आणि अधिकात अधिक ५ किलोमीटर रुंद आहे. १९८८ साली खुल्या झालेल्या जवळपास ३ किलोमीटरच्या पुलाने ते मुख्य भूमीशी जोडले गेले. मोटारींना तेथे टोल द्यावा लागतो, सायकलस्वारांना व पादचाऱ्यांना नाही. पॅरिसच्या मोंपारनास स्थानकातून ला रोशेल वेगवान रेल्वेने सुमारे तीन तासांवर आहे आणि तेथून बस थेट बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

बेटावर दहा गावे आहेत. टेकडी म्हणावी असा उंचवटा जवळजवळ नाहीच. मिठागरे, द्राक्षमळे आणि पाइनची वने यांमधून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे सायकलमार्ग काढलेले असून त्यांचा बराच भाग मोटारींच्या वाहतुकीपासून अलग आहे. नवशिक्या मुलाला आणि साठीच्या आजोबांना एकाच मार्गावर नेता येईल अशी ही जागा आहे.

काळ कोणता निवडावा

जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांत फ्रेंच कुटुंबांची तेथे गर्दी उसळते, दरही चढतात. आपल्या शाळांची सुट्टी आणि चातुर्मासापूर्वी घरी परतण्याची इच्छा, दोन्हींचा मेळ मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत बसतो. त्या दिवसांत तेथे सूर्य रात्री साडेनवानंतर मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांना दिवसभर हिंडून आल्यावरही स्वयंपाकाला पुरेसा अवकाश मिळतो. सकाळी सव्वासहाच्या सुमारास सूर्योदय होत असल्याने नवकारशीही सातच्या आसपास होते. मात्र पहाटे गारवा असतो आणि समुद्राचे पाणी थंड असते. लोकरीचे कपडे व उबदार झोपण्याच्या पिशव्या घेणे आवश्यक आहे.

चूल आपली

तंबूच्या सुट्टीचा आपल्याला मिळणारा सर्वांत मोठा लाभ म्हणजे स्वतःचा स्वयंपाक. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, ती तेथेच विकत घ्यावी. सर्व शेगड्यांना सर्व डब्या बसत नाहीत, म्हणून शेगडी व डबी एकाच दुकानातून घेणे शहाणपणाचे. तांदूळ व मसूर तेथे सहज मिळतात. भारतातून तूप, पेढे, खवा असे दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, ताज्या भाज्या-फळांवरही निर्बंध आहेत. तेलातले खाखरे, कोरडे मसाले आणि भाजलेला रवा एवढे बरोबर असले तरी पुष्कळ झाले. या प्रांताचे लोणी प्रसिद्ध आहे, ते कढवून तूप करता येते.

बेटाचा अभिमान म्हणजे तेथील नवा बटाटा. १९९८ साली त्याला उगमस्थानाचे संरक्षित नामांकन मिळाले आणि नेमक्या याच दिवसांत तो बाजारात येतो. कंदमूळ वर्ज्य असलेल्यांनी तो पाहून पुढे जावे. टोमॅटो, घेवडा, काकडी, दुधी भोपळ्यासारखी कूर्जेत ही भाजी आणि चेरी यांनी ताट भरते. चीजबाबत सावध राहावे. अनेक पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरतात, त्याला तेथे ‘प्रेझ्युर’ म्हणतात. ब्रिऑश व मादलेन यांत अंडे असते. असे दहा-बारा शब्द फ्रेंच लिपीत चिठ्ठीवर उतरवून वेष्टने तपासण्याचे काम मुलांकडे सोपवावे. ती ते मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे करतात.

तळ आणि इसार

समुद्रकिनाऱ्यावर वाटेल तेथे तंबू ठोकण्यास फ्रान्समध्ये कायद्याने बंदी आहे. त्यासाठी नोंदणीकृत तळ असून त्यांना एक ते पाच तारे दिलेले असतात. तळावर दोन पर्याय मिळतात : तंबूसाठी मोकळी जागा, किंवा स्वयंपाकघर व न्हाणीघर असलेले लाकडी घरकुल. ज्येष्ठांसाठी एक घरकुल आणि शेजारी मुलांचा तंबू ही जोडी तीन पिढ्यांना मानवते. ला कुआर्द किंवा ले ब्वा-प्लाज या मध्यवर्ती गावांत तळ घेतल्यास दोन्ही टोके आवाक्यात राहतात.

आगाऊ रक्कम भरताना दोन फ्रेंच शब्दांतील भेद जाणून घ्यावा. ‘आर’ म्हणजे इसार : ग्राहकाने बेत रद्द केला तर ती रक्कम बुडते, मालकाने रद्द केला तर त्याने दुप्पट परत करायची. ‘आकोंत’ म्हणजे पक्क्या कराराचा हप्ता, त्यातून कोणालाही सहज माघार घेता येत नाही. पावतीवर कोणता शब्द आहे हे पाहूनच पैसे पाठवावेत.

सायकलींचा हिशेब

सायकली भाड्याने गावोगावी मिळतात. लहानग्यांसाठी मागे जोडायची गाडी व बालखुर्ची, गुडघे दुखणाऱ्यांसाठी विजेवर चालणारी सायकल, असे प्रकार उपलब्ध असतात. बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचे आहे, मोठ्यांनीही ते घालावे. वाहने उजव्या बाजूने चालतात, हे पहिल्या दिवशी सर्वांना बजावावे. बेट सपाट असले तरी वारा असतो आणि तो बहुधा पश्चिमेकडून येतो. म्हणून सकाळी ताज्या दमाने पश्चिमेकडे जावे आणि परतीला वाऱ्याची साथ घ्यावी.

पहिला दिवस सँ-मार्तँचा. वोबाँ या अभियंत्याने सतराव्या शतकात बांधलेली तेथील तटबंदी २००८ पासून जागतिक वारशात आहे. गडाचा बालेकिल्ला आजही तुरुंग आहे. फ्रेंच गयानाच्या काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी १९३८ पर्यंत येथूनच जहाजावर चढत. दुसरा दिवस लुआ व आर्स परिसरातील मिठागरांचा. ज्यांनी वसई-उरणची मिठागरे पाहिली आहेत त्यांना येथील पाट आणि वाफे ओळखीचे वाटतील. पाण्यावर तरंगणारी मिठाची नाजूक साय कारागीर हाताने अलगद काढतात. तिला तळाच्या जाड्या मिठापेक्षा कितीतरी अधिक भाव येतो, व्यापाऱ्याने थांबून पाहावी अशी ही गोष्ट. तिसरा दिवस पश्चिम टोकाच्या दीपगृहाचा. १८५४ साली उजळलेल्या या मनोऱ्याला २५७ पायऱ्या आहेत. चौथा दिवस कोणताही बेत न करता मोकळा ठेवावा. समुद्रस्नानापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहण्यास विसरू नये, कारण येथे उधाणाच्या भरतीत पाणी पाच-सहा मीटर चढते.

पैशांची शिस्त

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा व निवासाचा पुरावा लागतो. तळाच्या नोंदणीची पावती म्हणून जपून ठेवावी. परकीय चलन घेताना किंवा सहलीची रक्कम भरताना कर आधीच कापला गेल्यास तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. तेथे कार्ड वापरताना यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारल्यास युरो निवडावेत, अन्यथा महाग दराने रूपांतर होते. दोन वेगळ्या बँकांची कार्डे दोन वेगळ्या व्यक्तींकडे असावीत.

तळावर नोकर नसतो. पाणी आणणे, भांडी घासणे, तंबू झाडणे, हवा भरणे ही कामे निघण्यापूर्वीच कागदावर वाटून घ्यावीत आणि त्यांत कर्त्या पुरुषाचे नाव सर्वांत वर असावे. घरातील स्त्रियांच्या वाट्याला परदेशातही केवळ चूलच आली तर ती त्यांची सुट्टी ठरत नाही. सामान सायकलच्या पिशव्यांत मावेल इतकेच घ्यायचे असते. परिग्रहाची मर्यादा आपण प्रवचनात ऐकतो, येथे ती आठवडाभर आचरता येते. दुकानाची जबाबदारी त्या काळापुरती भाऊ किंवा मुनिमाकडे सोपवून फोनची वेळ दिवसातून एकदाच ठरवावी. ती कोणती असावी, हे मुलांना विचारून ठरवले तर उत्तम.