नीरेच्या वरल्या अंगाचे शहर

माळेगाव बुद्रुकच्या शिवारात पाटाची पाळी आली, की रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन उसाला दारे धरणारा शेतकरी पाटकऱ्याला ओळखतो, चारी ओळखतो, फार तर वीरच्या धरणाचे नाव घेतो. परंतु ज्या डोंगराळ मुलखातल्या पावसावर त्याचा ऊस आणि शिवनगरचा सहकारी साखर कारखाना उभा आहे, त्या मुलखाच्या राजधानीशी त्याचा संबंध क्वचितच येतो. ती राजधानी म्हणजे भोर.

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला फाटा सोडला, की सडक डोंगरांच्या कुशीत शिरते आणि भाताची खाचरे मागे टाकीत नीरेच्या काठच्या या लहानशा शहरात येऊन पोचते. पुढे हिरडस मावळ, शिरगावजवळचा नीरेचा उगम आणि मग वरंध घाटाने खाली महाड. युरोपातील रूमानिया देशात कार्पेथियन पर्वतात सिनाया नावाचे असेच एक चिमुकले शहर आहे. 1695 मधील मठाभोवती ते वाढले, आणि राजा पहिला कॅरोल याने तेथे बांधलेला पेलेश हा राजवाडा 1883 मध्ये सिद्ध झाल्यावर बुखारेस्टची प्रतिष्ठित मंडळी उन्हाळ्यात तेथे लोटू लागली. आपली महाबळेश्वर-माथेरान त्याच जातकुळीची. भोरला मात्र हवा खाण्यासाठी कोणी आले नाही. येथे राजवाडा बांधणारे येथेच राहणारे, येथलाच वसूल घेणारे आणि येथल्याच पावसाळ्याला तोंड देणारे होते, आणि माझ्या मते या शहराचा सगळा पीळ त्यातूनच आलेला आहे.

भोरच्या पंतसचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण. औरंगजेबाच्या स्वारीत गमावलेले मावळातील किल्ले परत घेण्याच्या कामी त्यांनी पराक्रम केला आणि राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिले. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा ताराबाईंशी राखलेले इमान आणि गादीच्या वारसाचा हक्क यांच्या पेचात सापडलेल्या या मुत्सद्द्याने भोरजवळ आंबवडे येथे प्राणत्याग केला. त्यांची समाधी तेथे आहे. त्यांचे अल्पवयीन पुत्र नारो शंकर यांना सचिवपद मिळाले खरे, पण पुढे पाटसच्या बाजूच्या दमाजी थोराताने सचिवांना कैद केले, बाळाजी विश्वनाथांनी खटपट करून सोडविले, आणि त्या उपकाराच्या मोबदल्यात पुरंदर किल्ला पेशव्यांकडे गेला. 1750 मध्ये सिंहगडही गेला. त्याच्या बदल्यात तुंग आणि तिकोना मिळाले. हा सौदा कोणाच्या फायद्याचा होता, हे नकाशावर एकवार नजर टाकणाऱ्याला निराळे सांगण्याची गरज नाही.

तरीही जे उरले ते थोडे नव्हते. भोर संस्थानचे तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात : विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड, सुधागड आणि पवन मावळ. राजगड ही शिवरायांची पहिली राजधानी अशा प्रकारे 1948 च्या विलीनीकरणापर्यंत पंतसचिवांच्या दप्तरात होती, आणि घाटाखालचे पालीचे गणपतीस्थानही. पेशवाई बुडाल्यावर भोरकर सातारच्या छत्रपतींचे जहागीरदार म्हणून राहिले. 1848 मध्ये सातारा खालसा झाल्यावर त्यांनी इंग्रजांचे मांडलिकत्व पत्करले. शहरातील राजवाडा याच उत्तरकाळातला. त्याचे प्रशस्त चौक आणि लाकडी खांबांच्या ओळी आज पुष्कळांनी चित्रपटांतच पाहिलेल्या असतात, आणि पडद्यावर त्या दुसऱ्याच कोणाच्या तरी वाड्याचे सोंग घेऊन उभ्या असतात.

किल्ल्यांनंतर पाण्याची पाळी आली. 1876-77 च्या दुष्काळाने भीमथडीची दैना झाली, तेव्हा सरकारने नीरेचा डावा कालवा हाती घेतला आणि त्याला पाणी पुरविण्यासाठी भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदी अडविली. ते धरण अपुरे पडू लागले, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला अधिक उंचीचे नवे धरण बांधण्यात आले. ते 1928 मध्ये पुरे झाले, गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला मिळाले, आणि जुने धरण नव्याच्या पोटात गडप झाले. त्याबरोबर वेळवंडीच्या खोऱ्यातील गावठाणे आणि खाचरेही गेली. कांबरे गावचे कांबरेश्वराचे देवालय वर्षातील बहुतेक महिने जलाशयाच्या तळाशी असते. उन्हाळी आवर्तने सुटून बारामती-इंदापूरचा ऊस भिजू लागला, की वैशाखाच्या सुमारास त्याची दगडी बांधणी उघडी पडते, माणसे चिखल तुडवीत दर्शनाला जातात, आणि पावसाळ्यात देव पुन्हा पाण्यात जातो. आमच्या माळेगावच्या हद्दीतला कारखान्याचा भोंगा आणि तिकडचे ते देवदर्शन एकाच जलाशयाच्या हिशेबावर चालते, हे मात्र दोन्हीकडच्या फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल.

पाण्यामागून माणसेही खाली उतरली. भात आणि नाचणीच्या शेतीवर वर्षभर भागत नाही, तेव्हा मावळातल्या घराघरांतला एकेक गडी पुण्या-मुंबईला चाकरीला गेला. शहरापाशी राहिले ते कचेऱ्या, पेठ, आणि राजवाड्यातील रामजन्माचा उत्सव. येथील बोलण्यात म्हणूनच एक आदबशीर दप्तरीपणा आढळतो. घाईच्या माणसाला तो आखडूपणा वाटेल, मला तो संस्थानी कारकुनीचा वारसा वाटतो.

अलीकडे नीरा-देवघर हे आणखी एक धरण भोर तालुक्यातच उभे राहिले. 2019 मध्ये त्याच्या पाणीवाटपावरून वाद पेटला, तेव्हा डावा कालवा आणि उजवा कालवा, बारामती-इंदापूर आणि फलटण-माळशिरस, अशा दोन बाजू राज्यभर गाजल्या. आमच्या माळेगावातही त्या दिवसांत चहाच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. भोरचे नाव त्या चर्चेत केवळ धरणाचा पत्ता म्हणून येत असे, आणि त्याच तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाड्या चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत असत.